नाव घातलेला कॅमेरा

आमच्या घरात नाव न घातलेली अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे मांजर. बाकी तांब्या, वाटी, परात, कळशी, झारा, अडकित्ता, एवढंच काय, देवघरातली घंटासुद्धा, सगळ्यांवर ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत 'मन्मथ गंगाधर, पाटोदा' असं कोरलेलं असायचं. मन्मथ गंगाधर म्हणजे माझे वडील, अप्पा. पाटोद्याच्या बाजारपेठेत आमचं भांड्यांचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागेच घर. ज्यावर नाव नाही ते भांडं आपलं नाही, असा अप्पांचा सरळ हिशेब. लग्नात, जेवणावळीत भांडी इकडची तिकडं होतात, शेजारी वाटीभर आमटी गेली की वाटी परत येत नाही, म्हणून नाव पाहिजे. नाव घालायचं एक यंत्र दुकानात होतं. जाड पेनासारखं, पुढे सुई, मागे वायर. बटण दाबलं की ती सुई घर्रर्र करत थरथरायची आणि स्टीलवर अक्षर उमटायचं. माझं अक्षर वळणदार म्हणून दहावी झाल्यापासून ते काम माझ्याकडे आलं. लग्नसराईत मी दिवसदिवस नावं घालत बसायची. 'चि. सौ. कां. अमकी हिस मामाकडून सप्रेम भेट'. संध्याकाळी हाताला अशा मुंग्या यायच्या की भाकरीचा तुकडा मोडतानासुद्धा बोटं घर्रर्र करतायत असं वाटायचं. पण मला ते काम आवडायचं. लाईट असली की नावं आणि लाईट गेली की गप्पा, असा माझा दिवस होता. आणि लाईट तर त्या काळात मनाला येईल तेव्हा जायची.

त्या वर्षांत आमच्या बाजारपेठेत रोज काहीतरी नवीन येऊन पडत होतं. तांब्या-पितळेची गिऱ्हाइकं आटली, स्टीलही जुनं वाटायला लागलं, मेलामाइनच्या फुलाफुलांच्या प्लेटा आल्या, भाजी न चिकटणारे काळे तवे आले. ह्या तव्यांवर नाव कसं घालायचं ह्या विचारानं अप्पा हैराण झाले होते. "कोरलं की निघतंय त्याचं सालपाट," ते म्हणायचे, "मंग हे भांडं हाय का वांगं?" शेजारच्या कापडवाल्याकडे मोबाइल आला. तो घेऊन रेंजसाठी त्याला गच्चीवर चढावं लागायचं आणि तिथून तो सगळ्या पेठेला ऐकू जाईल असा बोलायचा. माझी बारावी झाली होती, पुढचं कॉलेज मी बाहेरून करत होते, मला स्थळं बघायची की नाही ह्यावर घरात अजून एकमत नव्हतं, आणि मला तर आयुष्यात सगळंच्या सगळं आताच सुरू होणार आहे असं वाटत होतं. आज ते आठवलं तरी अंगात तसाच तरतरीतपणा येतो. गुडघे मात्र साथ देत नाहीत.

आईबद्दल सांगायचं तर तिच्या हसण्यापासूनच सुरुवात केली पाहिजे. तिचं नाव महानंदा. सगळ्या पेठेत तिच्यासारखं मोठ्यानं हसणारी बाई नव्हती. स्वयंपाकघरात ती हसली की पुढे दुकानात गिऱ्हाईक दचकायचं आणि अप्पा गादीवरूनच हाक मारायचे, "परात पडली का गं?" पण ते हसणं फक्त ऐकायचं होतं, बघायचं नव्हतं. तिचा पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला होता. लहानपणी कुणीतरी त्यावरून चिडवलं असेल, तेव्हापासून हसू यायच्या आत तिचा पदर तोंडावर गेलेला असायचा. हे इतक्या सवयीनं व्हायचं की आईचं हसणं म्हणजे पदराच्या वरचे दोन मिटलेले डोळे आणि हलणारे खांदे, असंच मी समजत होते. ज्वारीचं पीठ मळताना, येसराचा मसाला भाजताना, शेंगाची चटणी कुटताना ती एकटीसुद्धा काहीतरी आठवून हसायची. खलबत्त्याचा ठोका मध्येच थांबला की समजायचं, आईला काहीतरी आठवलं.

फोटोचं आणि आमचं मात्र फारसं जमलं नव्हतं. घरात फोटोवाला दोनच वेळा येणार. एक लग्नात. आणि दुसरा माणूस गेल्यावर. आम्ही लिंगायत. आमच्यात गेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत, बसवून नेतात. कपाळाला भस्माचे पट्टे लावतात, फुलांनी सजवतात, घरची माणसं भोवती बसतात आणि फोटो काढून घेतात. बैठकीत आजोबांचा जो फोटो होता तो तसलाच. त्या आधीचा त्यांचा एकही फोटो नव्हता, त्यामुळे माझ्या आठवणीत ते डोळे मिटूनच बसलेले असतात. आईचा फोटोही एकच, लग्नातला. मुंडावळ्यांच्या आड खाली घातलेली मान आणि घट्ट दाबून धरलेले ओठ. फोटोवाल्यानं "हसा" म्हटलं असेल, म्हणूनच ते दाबले असतील.

माझा आत्तेभाऊ बसवराज, आमचा बसूदादा, पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला होता. तो सुट्टीला आला तो गळ्यात कॅमेरा अडकवून. त्यात रीळ नव्हतं. आम्ही सगळे त्याच्याभोवती गोळा झालो. मागे काड्यापेटीएवढी काच, तिच्यात आमचंच घर दिसत होतं. बसूदादानं तो माझ्या हातात दिला आणि स्वतः आईशेजारी बसून धपाटे थापायला लागला. पीठ त्याच्या तळहातापासून मनगटापर्यंत गेलं, मनगटापासून कोपरापर्यंत, आणि धपाट्याऐवजी त्याचाच हात थापल्यासारखा झाला. आई हसली. तिचे दोन्ही हात पिठात होते. पदर घ्यायला हातच मोकळा नव्हता. मी बटण दाबलं.

काचेत आई आली. सगळे दात दिसत होते, मान मागे गेली होती, कपाळावर पिठाचं एक बोट. आईनं हात न धुताच वाकून बघितलं. मग तिनं एका बोटानं लांबूनच दाखवून विचारलं, "ही मी हाय?"

"मग कोण, मामी?" बसूदादा म्हणाला.

ती बघतच राहिली. तवा तापून धूर निघाला तरी बघत राहिली. "दात असा दिसतो व्हय?" ती हळूच म्हणाली. "मला वाटलं, लई वंगाळ दिसत असंल."

चाळिशी पार केलेल्या बाईनं स्वतःचं हसणं पहिल्यांदा पाहिलं होतं, हे त्या वेळी माझ्या डोक्यात नीट शिरलंही नाही. मला फक्त एवढंच कळलं की दिवसभर ती फार खुशीत होती. बसूदादा पुण्याला गेल्यावर तिनं एसटीडी बूथवर जाऊन त्याला फोन लावायला लावला. "बसू, त्यो फोटू कवा पाठवतो रे?" पलीकडून तो काय म्हणाला ते मला बूथच्या काचेबाहेरून ऐकू आलं नाही. ती बाहेर आली आणि म्हणाली, "उडवला म्हणं. त्यात जागा नव्हती, म्हणून उडवला." बसूदादाची काही चूक नव्हती. त्याच्याकडे असे फोटो रोज येत-जात असणार. पण आईचा तो एकच होता. त्या दिवशी चटणी कुटताना खलबत्त्याचा ठोका एकदाही मध्ये थांबला नाही.

मग एकदा जेवताना तिनं अप्पांच्या ताटात भाकरी टाकली आणि तव्याकडे बघतच म्हणाली, "आपलाच घ्यावा एखादा क्यामेरा."

अप्पांचा घास हातातच राहिला. "कावून? कोणाचं लगीन हाय?"

"लगीन कशाला पायजे? रोजचं काढायचं."

"रोजचं काय काढायचं?"

"रोजचं रोज," आई म्हणाली, आणि तिनं दुसरी भाकरी थापायला घेतली.

आईनं कधी काही मागितल्याचं मला आठवत नव्हतं. अप्पांनाही आठवत नसावं, कारण ते वाद न घालता उठले. दुसऱ्या दिवसापासून सगळ्या पेठेत चौकशी सुरू झाली. कॅमेरा कोणता घ्यावा ह्यावर प्रत्येकाला मत होतं, आणि ज्यानं कधी कॅमेरा हातात धरला नव्हता त्याचं मत सगळ्यांत ठाम होतं. मेडिकलवाले म्हणाले, मेगापिक्सल बघा. हायस्कूलचे सर म्हणाले, झूम बघा, चंद्रावरचे खड्डे दिसले पाहिजेत. कापडवाला म्हणाला, थांबा, थोड्या दिवसांत मोबाइलमध्येच कॅमेरा येणार आहे, आणि आम्ही सगळे त्याला हसलो. मी बसूदादाला फोन करून विचारलं तर त्यानं एवढे इंग्रजी शब्द सांगितले की बूथवाला माझ्याकडे आदरानं बघायला लागला. माझं एकच म्हणणं होतं, की आम्हाला चंद्राचं काही करायचं नाही, आम्हाला आई पाहिजे. आणि रोज वापरायचा तर पेन्सिल सेलवर चालणारा पाहिजे, कारण लाईट नसली तरी सेल कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. मी अप्पांना म्हटलं, "अप्पा, बीडला आपण दोघं मिळून जाऊ. मी बघते." अप्पा "हां, हां" म्हणाले, आणि दुकानाचा माल भरायला म्हणून एकटेच बीडला जाऊन कॅमेरा घेऊन आले.

त्यांना आश्चर्याचा धक्का द्यायचा होता. तो बसला. पिशवीतून डबा काढला, डब्यातून कॅमेरा, आणि तळहातावर खालीवर करून म्हणाले, "वजन बघ कसं हाय." अप्पांनी कॅमेरा भांड्यासारखाच पारखला होता. त्यांच्या धंद्यात जड ते खरं आणि हलकं ते फसवं. पत्रा पातळ असला की टिचकीला पोकळ आवाज येतो, ते त्यांच्या कानाला दुकानाच्या बाहेरूनही कळायचं. बीडच्या दुकानात त्यांनी एकेका कॅमेऱ्यावर टिचकी मारून पाहिली होती म्हणे. प्लास्टिकचे बाजूला सारले. हा अख्खा धातूचा, चंदेरी, हाताला गार लागणारा. सेल त्याचा स्वतःचाच, विजेवर भरायचा. मी त्याबद्दल बोलायला तोंड उघडलं, पण त्यांचा चेहरा एवढा फुलला होता की मिटून घेतलं. आईनं कॅमेऱ्याला भस्माचे तीन पट्टे ओढले, वर एक फूल ठेवलं. आणि अप्पा म्हणाले, "नाव घाल."

आमच्या घरात हे विचारायचं नसतं. नवीन वस्तू आली की पूजा, पूजा झाली की नाव, आणि मगच वापर. लाईट होती. मी मशीन लावली आणि कॅमेऱ्याच्या खालच्या बाजूला, जिथे स्क्रूचं भोक होतं त्याच्या कडेनं, जन्मात घातलं नसेल इतकं सुबक नाव घातलं. मन्मथ गंगाधर, पाटोदा. स्टीलपेक्षा मऊ धातू होता, अक्षर लोण्यासारखं उतरलं. अप्पांनी चष्मा लावून वाचलं आणि समाधानानं मान हलवली. आता तो आमचा झाला.

पुढचे काही दिवस आमच्या घरात जी धमाल झाली ती सांगून पटणार नाही. मी कॅमेरा गळ्यात घालूनच वावरायची. आणि लवकरच लक्षात आलं की ह्या कॅमेऱ्याला विचार करायची सवय आहे. बटण दाबलं की तो आधी डोळा आतबाहेर करायचा, मग गुरगुरायचा, मग एक हिरवा ठिपका लुकलुकायचा, आणि मग सावकाश फोटो काढायचा. आजोबांच्या फोटोसारखं कुणी बसून राहणार असेल तर त्याच्यासारखा कॅमेरा नाही. तांब्याची कळशी त्यानं अशी काढली की हात लावावासा वाटावा. पण जी गोष्ट हलते ती त्याला सापडायची नाही. मांजर काढायला गेलं तर शेपूट यायचं. भाकरी फुगलेली काढायला गेलं तर बसलेली यायची. आणि आई हसली की यायचा पदर. दर वेळी पदर. मी दाराआड लपून बसले, खोकल्याचं निमित्त करून मध्येच वळले, तिच्या दोन्ही हातांत पापडाचं पीठ असताना गाठलं. त्या वेळी तर तिनं पदर घेतला नाही, पण हसून झाल्यावर ती परत पापड लाटायला लागल्याचा फोटो आला. एसटी गेल्यावर धूळ दिसावी तसे ते फोटो होते. एखादी गोष्ट इथे नुकतीच झाली, एवढंच त्यावरून कळायचं.

"तू उशिरा दाबती," अप्पा म्हणाले.

"तुमी दाबा मग."

त्यांनी दाबलं. आईला हसवलंही त्यांनीच. काचेत आईची पाठ आली. तोवर ती तव्याकडे वळली होती. अप्पांनी पुन्हा दाबलं. पुन्हा पाठ. आई म्हणाली, "जाऊ द्या. भांड्याचेच काढा फोटू. गिऱ्हाइकाला दाखवायला व्हतील." ती चिडली नव्हती, हे जास्त वाईट होतं. तिनं जणू ठरवूनच टाकलं होतं की तो एक फोटो यायचा होता, आला, गेला.

अप्पा तेवढ्यावर उठले. "नग बदलून आणू," ते म्हणाले. मी म्हटलं, "अप्पा, नाव घातलंय त्याच्यावर." त्यांना माझं म्हणणंच कळेना. "मंग? आपण नावाची भांडी मागं घेत न्हाई का? आज्याच्या नावाचा हंडा नातू मोडीत आणतो, आपण घेतो. नाव हाय म्हणून कोणाला परत पाठवलंय का आजपर्यंत?" त्यांच्या बाजूनं ते अगदी बरोबर होतं. नाव घातल्यानं वस्तू खराब होते हे जगात कुठे असू शकतं, असा विचारच त्यांना शिवला नव्हता. मलाही, खरं म्हणजे, बीडच्या दुकानदाराचा चेहरा बघेपर्यंत थोडी आशा होती. आम्ही दोघं निघायच्या तयारीला लागलो तर आतून आई नवी साडी नेसून बाहेर आली. हातात फडक्यात बांधलेले धपाटे. "मी बी येते," ती म्हणाली. "फोटू माझा काढायचा हाय ना? मंग पारख मलाच करू द्या."

दुकानाला कुलूप लावून तिघं एका एसटीत, असं आमचं फक्त लग्नाला जाताना व्हायचं. आई खिडकीशी बसली. मांजरसुंब्याला गाडी थांबली तेव्हा आम्ही धपाटे खाल्ले, घाट उतरताना तिनं कॅमेऱ्याची पिशवी पोटाशी धरली, आणि बीड दिसायला लागल्यावर ती मला कोपरानं ढोसून म्हणाली, "शिवकन्ये, त्यानं बदलून न्हाई दिला तर?" मी म्हटलं, देईल. मला काय माहीत होतं?

दुकान सुभाष रोडच्या एका गल्लीत होतं. दुकानदार बशीरभाई, अप्पांच्याच वयाचा, मेंदी लावलेली दाढी, बोलायला गोड. "या अप्पा, कसा काय क्यामेरा?" म्हणत त्यानं आम्हाला स्टुलावर बसवलं, पोऱ्याला पाणी आणायला पिटाळलं. लाईट गेलेली होती, दाराशी जेवढा उजेड तेवढाच. अप्पांनी कॅमेरा काढून काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "नग चांगला हाय, पर आमच्या कामाचा न्हाई. आमची हिची हसायची घाई आन् ह्याचा सगळा निवांत कारभार. बदलून द्या." बशीरभाईनं कॅमेरा उलटा केला. दाराकडे धरला. त्याचं गोड बोलणं तिथेच संपलं.

"अप्पा, हे काय हाय?"

"नाव."

"कोणी घातलं?"

"माझ्या पोरीनं," अप्पा अभिमानानं म्हणाले. "अक्षर बघा."

बशीरभाईनं कपाळाला हात लावला. "अप्पा, आता ह्याला कंपनी घेणार न्हाई, गिऱ्हाईक घेणार न्हाई. मी काय करू ह्याचं? लोणचं घालू?" अप्पा समजावायला लागले. हंड्याचं सांगितलं, मोडीचं सांगितलं, वाटल्यास घासून पुसून देतो म्हणाले. बशीरभाई नुसता मान हलवत होता. माझा जीव टांगणीला लागला. तरी काउंटरवरचे दाखवायचे कॅमेरे माझ्या हाताला गप्प बसू देईनात. त्यात एक काळा प्लास्टिकचा होता, साबणाच्या वडीसारखा हलका, अप्पांनी मागच्या वेळी टिचकी मारून बाजूला सारला असणार असा. "त्यो राहू दे बेटा," बशीरभाई वादातून मान वळवून म्हणाला, "त्याला झूम न्हाई, मेगापिक्सल कमी. पेन्सिल सेलवर चालतो. पोराटोरांचा हाय." मी दाराबाहेरच्या एका सायकलवाल्यावर बटण दाबलं. टक्. सायकलवाला काचेत, अख्खा, दोन्ही चाकांसकट. हा विचार करत नव्हता. डोळा आतबाहेर नाही, गुरगुर नाही, हिरवा ठिपका नाही. मी आईला हळूच म्हटलं, "आई, दाराशी उभी राहा." ती राहिली. आणि कॅमेरा समोर आहे म्हटल्यावर तिचे ओठ लग्नातल्यासारखे घट्ट मिटले. "हस ना," मी म्हटलं. "कशाला हसू?" ती ओठातल्या ओठात म्हणाली. "हितं भांडण चाललंय."

तेवढ्यात पाणी आलं. अप्पांनी पेला हातात घेतला. आता अप्पांची जन्माची सवय अशी, की कुणाकडेही पेला हातात आला की आधी तो फिरवून नाव वाचायचं आणि मग पाणी प्यायचं. वाद अर्ध्यावर सोडून त्यांनी पेला उजेडात धरला, चष्मा सारखा केला, आणि अगदी मनापासून, चौकशीच्या आवाजात विचारलं,

"बशीरभाई, ह्या सुलोचनाबाई कोण?"

"कोण सुलोचनाबाई?"

"नेकनूरच्या."

बशीरभाईचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यानं आधी पोऱ्याकडे बघितलं, मग रस्त्याकडे, मग आवाज खाली आणून म्हणाला, "अप्पा, अल्ला कसम, मी कोणत्या सुलोचनाबाईला वळखत न्हाई."

"पेल्यावर हाय की. 'सौ. सुलोचनाबाई, नेकनूर'. तुमच्या घरातला पेला ना?"

परात पडली. सुभाष रोडवरची माणसं थांबून बघायला लागतील अशी पडली. आईच्या एका हातात धपाट्याचं फडकं, दुसरा हात दाराच्या चौकटीला, आणि हसू इतकं अचानक आलं होतं की पदर तिला सुचलाच नाही. मी टक् केलं. एकदाच. दुसऱ्यांदा करायचं मला सुचलं नाही, आणि तोवर तिचा पदर पोचला होता.

आता बशीरभाईही हसायला लागला होता, दाढी धरून. "कुठल्या तरी लग्नातून आला असंल, अप्पा. घरात अर्ध्या भांड्यांवर लोकांचीच नावं हायत."

"मंग पाणी कडू लागतं का त्यातलं?" अप्पा म्हणाले. त्यांना अजूनही हसण्यासारखं काय झालं ते कळलं नव्हतं. ते व्यवहाराचंच बोलत होते. "सुलोचनाबाईचं नाव असून पाणी गोड लागतं, तर माझ्या नावानं क्यामेरा कसा नासला?"

बशीरभाईनं चंदेरी कॅमेरा पुन्हा उलटा करून बघितला, पुन्हा हसला, आणि म्हणाला, "ठिवा. मी घरी वापरतो. सुलोचनाबाईला सोबत व्हईल." अजूनही कधी बीडला गेले की मला वाटतं, त्या घरातल्या लेकी-सुनांनी तो कॅमेरा हातात घेऊन कधीतरी विचारलं असेल, हे मन्मथ गंगाधर कोण?

मी मात्र ह्या सगळ्याकडे पाठ करून काचेत बघत होते. आई होती. पुसट नाही, अर्धी नाही. मान मागे, सगळे दात, त्या चढलेल्या दातासकट, आणि तोंडापाशी कुठेही पदर नाही. आणि कडेला, काउंटरच्या अलीकडे, अप्पा होते. हातात पेला तसाच धरलेला, आणि ते पेल्याकडे बघत नव्हते. आईकडे बघत होते. आमच्या घरात अप्पा आईशी बोलायचे ते भिंतीकडे बघून किंवा गल्ल्याकडे बघून. चारचौघांत नवऱ्यानं बायकोकडे बघत राहायची पद्धतच नव्हती. ते तिच्याकडे असे बघतात हे मला त्या दिवशी, त्या काचेत कळलं, आणि मी कॅमेरा दोघांच्याही पुढे केला. आईनं बघितलं. मग तिनं अप्पांना बघू दिलं. अप्पांनी चष्मा वर केला, खाली केला.

आज माझ्या फोनमध्ये इतके फोटो आहेत की त्यातले निम्मे मी पुन्हा उघडूनही बघितलेले नाहीत. आई तर स्वतःच स्वतःचे काढते आणि मला पाठवते, हसतानाचे, बहुतेक वेळा एका डोळ्याचे. तेव्हा एका फोटोसाठी आमची तिघांची वरात बीडला गेली होती हे तिच्या नातवंडांना खरं वाटत नाही. त्यांना पुढचं तर कळतच नाही, कारण त्यासाठी अप्पांना दुकानात बसलेलं बघायला पाहिजे होतं. चाळीस वर्षं धंदा केलेला माणूस. दर्शनी ठेवलेलं भांडं त्यांनी कधी घेतलं नाही आणि शहाण्या गिऱ्हाइकाला घेऊ दिलं नाही. दहा जणांनी हाताळलेला माल म्हणजे त्यांच्या लेखी उष्टा. "आतला काढ," हे त्यांचं दिवसातून सगळ्यांत जास्त वेळा बोललेलं वाक्य असेल. कपबशी घ्यायची तरी गवतात गुंडाळलेली, खोक्याच्या तळातली.

त्या दिवशी बशीरभाई आत जाऊन तसल्याच काळ्या कॅमेऱ्याचा नवा कोरा, सीलबंद डबा घेऊन आला आणि फुंकर मारून अप्पांसमोर ठेवला. "हा घ्या. पॅक माल."

अप्पांनी डब्याला हात लावला नाही. माझ्या हातातल्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "त्यो द्या."

"अप्पा, त्यो दाखवायचा हाय. सगळ्या बीडचे हात लागलेत त्याला. वरखडे बघा. फोटो पायजे का? लाईट आली की कॉम्प्युटरवर घेऊन देतो. नग नवा न्या."

"लाईट आली तर," अप्पा म्हणाले. त्यांनी माझ्या हातातून तो ओरखड्यांचा कॅमेरा घेतला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, आणि बशीरभाईचा सीलबंद डबा एका बोटानं हळूच त्याच्याकडे परत सारला.

"ह्यात ही न्हाई."